जुन्या फोनचा जीर्णोद्धार : पर्यायी कार्यप्रणालीचा एक पाठ

जिंतूर तालुक्यातील आमचे चारठाणा हे गाव प्राचीन मंदिरांमुळे अभ्यासकांना परिचित आहे. गावातील जुनी मंदिरे, बारव आणि उंच स्तंभ पाहण्यासाठी बाहेरगावची मंडळी येतात. आम्हाला मात्र त्या दगडांची लहानपणापासून इतकी सवय झालेली असते की त्यांच्याकडे थांबून पाहावे असे सहसा वाटत नाही. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बांधणीचा एक विशेष शाळेत सांगितला जातो. तो असा की, दगडावर दगड चुन्यावाचून बसवलेला असतो. खाचेत खाच अडकते, वजनाने वजन तोलले जाते आणि भिंत उभी राहते. यातून दुसरा एक लाभ होतो, तो फारसा कोणी सांगत नाही. चुना नसल्यामुळे असे दगड खुणा घालून उतरवता येतात आणि पुन्हा जागच्या जागी रचता येतात. जीर्णोद्धार करणाऱ्यांना याचा मोठा आधार असतो.

फोनविषयीच्या लेखाचा आरंभ मंदिरापासून का, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवेल. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा विद्यार्थी असून संगणकशास्त्राची पदवी त्याच्याजवळ नाही. घरात २०१७ साली घेतलेला एक फोन होता. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. दोन वर्षांनी त्या फोनला कंपनीकडून येणाऱ्या सुधारणा थांबल्या. यंत्र धडधाकट होते, बॅटरी दिवसभर टिकत होती, काचेला तडा नव्हता. तरीही एकेक उपयोजन, म्हणजे आपण ज्याला ॲप म्हणतो ते, ‘आपली आवृत्ती जुनी आहे’ असे सांगून काम नाकारू लागले. शहरातील माणूस अशा वेळी नवा फोन घेतो. कापूस आणि सोयाबीनच्या भावावर ज्या घराचे वर्ष ठरते, तेथे हा निर्णय इतका सोपा नसतो. त्यातच १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करण्याची रीत पडली. तेव्हापासून शेतकऱ्याच्या घरातील फोनला चैनीची वस्तू म्हणता येत नाही. तो आता औतासारखेच एक अवजार झाला आहे.

याच फोनमध्ये दुसरीही एक ठेव होती. माझ्या आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या मी २०१९ साली त्यात ध्वनिमुद्रित केल्या होत्या. पुढच्याच वर्षी आजी गेली. फोनवर नवी प्रणाली बसवण्याचा विचार मी घरात सांगितला तेव्हा आई एवढेच म्हणाली, “फोन बिघडला तर बिघडू दे बाळा, पण तिचा आवाज जाऊ देऊ नकोस.” हे वाक्य कानात ठेवूनच मी पुढील सर्व अभ्यास केला. तो आपल्यासमोर क्रमाने मांडत आहे.

१. कार्यप्रणाली म्हणजे काय?

फोन म्हणजे काच, धातू आणि सिलिकॉन यांचा एक संच होय. त्यात प्रोसेसर असतो, स्मृती असते, कॅमेरा, ध्वनिक्षेपक, मोडेम असे अवयव असतात. हे अवयव स्वतः होऊन काही करीत नाहीत. कोणत्या क्षणी कोणी काय करावे, कोणाला किती स्मृती द्यावी, बोटाचा स्पर्श कोणत्या ॲपकडे पाठवावा, हा सारा कारभार जी आज्ञावली पाहते तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. गावगाड्याची उपमा द्यायची तर शेते, विहिरी आणि माणसे हे यंत्र, आणि कोणाला पाणी केव्हा मिळावे हे ठरवणारी व्यवस्था ही कार्यप्रणाली.

फोनचे बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत एक साखळी चालते. प्रथम प्रोसेसरमध्ये कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली जागी होते. ती बूटलोडर नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीला हाक मारते. बूटलोडर कर्नलला स्मृतीत आणतो. कर्नल हा कार्यप्रणालीचा गाभा होय. यंत्राच्या अवयवांशी प्रत्यक्ष बोलणे हे त्याचे काम. कर्नल उठला की त्यावर उरलेली प्रणाली आणि शेवटी आपली ॲप चालू लागतात. या साखळीत आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कडी बूटलोडर ही आहे, कारण दरवाजावरचा राखणदार तोच. कंपनीच्या सहीची प्रणाली आली तर तो आत सोडतो, अनोळखी आली तर अडवतो. यालाच बूटलोडर ‘कुलूपबंद’ असणे म्हणतात.

२. खुला फोन कशास म्हणावे?

जगातील बहुसंख्य फोनवर चालणाऱ्या अँड्रॉइड प्रणालीचा गाभा लिनक्स हा कर्नल आहे. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहावयास घेतला. तो ज्या परवान्याखाली दिला जातो त्याची अट अशी की, हा कर्नल घालून वस्तू विकणाऱ्याने त्याचा मूळ मजकूर मागणाऱ्यास उपलब्ध करून दिला पाहिजे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला, आणि त्या प्रणालीचा बराचसा मूळ मजकूरही सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला. यामुळेच कंपनीबाहेरच्या माणसांना तो मजकूर घेऊन, त्यात भर घालून, आपली वेगळी प्रणाली तयार करणे शक्य झाले.

मग अडचण कोठे येते? अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे वर सांगितलेले कुलूप. दुसरी अशी की, कॅमेरा, मोडेम यांसारख्या अवयवांना चालवणाऱ्या काही आज्ञावली केवळ यंत्राच्या भाषेत दिलेल्या असतात. त्यांचा मूळ मजकूर कंपनी देत नाही. हाच तो चुना होय. दगड पक्का चिकटला की भिंत उतरवता येत नाही. २०१७ साली आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून अवयवांचा भाग आणि प्रणालीचा भाग यांच्यात एक ठरलेली सीमारेषा आखण्यात आली. त्यामुळे एकाला धक्का न लावता दुसरा बदलणे काहीसे सुकर झाले. म्हणजे चुन्याऐवजी खाचेची बांधणी आली म्हणावयास हरकत नाही.

पूर्णपणे खुला फोन बनवण्याचे प्रयत्नही झाले. तैवानमध्ये निघालेल्या ओपनमोको प्रकल्पाचा निओ फ्रीरनर हा फोन २००८ सालचा. त्याच्या बाह्यांगाचे आराखडेसुद्धा प्रसिद्ध करण्यात आले होते आणि एकाच फोनवर लोक वेगवेगळ्या प्रणाली बसवून पाहत. पुढे २०२० च्या सुमारास पाइनफोन आला. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. चालू होताना तो प्रथम मेमरी कार्डात प्रणाली आहे का हे पाहतो. असल्यास ती उघडतो, नसल्यास आतली उघडतो. म्हणजे नवी प्रणाली बघायची असेल तर ती कार्डावर लिहावी, कार्ड घालावे आणि फोन चालू करावा. आवडली नाही तर कार्ड काढावे, पहिली प्रणाली जशीच्या तशी हजर! शिवाय मागचे झाकण काढले की आत चिमुकल्या कळा दिसतात. त्यांनी मोडेम, ध्वनिग्राहक, कॅमेरे हे अवयव विजेच्या पातळीवरच बंद करता येतात. असा फोन आपल्याकडे क्वचितच दृष्टीस पडतो. म्हणून आपल्यापुरती व्यवहारी व्याख्या अशी करावी : ज्या फोनचे कुलूप मालकाला कायदेशीर मार्गाने उघडता येते, तो खुला फोन.

३. पर्यायांची ओळख

या क्षेत्रातील सर्वांत परिचित परंपरा सायनोजेनमॉडची. स्टीव्ह काँडिक या प्रोग्रॅमरने २००९ साली तिचा आरंभ केला. पुढे त्यातून कंपनी निघाली, भारतात तिची प्रणाली असलेले फोन विकलेही गेले, परंतु २०१६ च्या डिसेंबरात तो कारभार गुंडाळला गेला. तेव्हा स्वयंसेवकांनी तोच मजकूर पुढे नेला आणि त्याला लिनेजओएस हे नाव दिले. सांप्रत जुन्या अँड्रॉइड फोनला नवजीवन देण्यासाठी प्रथम तिचेच नाव घेतले जाते. खाजगीपणावर भर देणारी ईओएस, आणि गूगलच्या पिक्सेल फोनसाठी सुरक्षिततेचा कटाक्ष बाळगणारी ग्राफीनओएस या तिच्या भावकीतल्याच म्हणता येतील, कारण सर्वांचे मूळ अँड्रॉइडच.

दुसरी शाखा अँड्रॉइड बाजूला ठेवून फोनला छोटा लिनक्स संगणक बनवू पाहते. उबुंटू टच ही कॅनॉनिकल कंपनीने २०१३ साली पुढे आणलेली प्रणाली २०१७ साली कंपनीने सोडून दिली, तेव्हा यूबीपोर्ट्स या स्वयंसेवकांच्या संघाने ती सांभाळली. त्याच २०१७ साली पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प जाहीर झाला. फोन दोन वर्षे नव्हे तर दहा वर्षे चालावा, हा त्याचा घोषित हेतू.

भारतातही असे प्रयोग झाले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये फायरफॉक्स ओएस असलेला इंटेक्स क्लाउड एफएक्स हा फोन १,९९९ रुपयांना विक्रीस आला. ती प्रणाली फोनवर फार काळ टिकली नाही. तथापि तिच्याच मजकुरातून पुढे कायओएस निर्माण झाली आणि २०१७ सालच्या जिओफोनमुळे ती आपल्या खेडोपाडी पोहोचली. मुंबईच्या आय.आय.टी.तून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आदी तरुणांनी अँड्रॉइडवर आधारित इंडस ओएस ही प्रणाली तयार केली. २०१५ साली ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर आली. भारतीय भाषांत लिहिणे, भाषांतर व लिप्यंतर करणे सोपे व्हावे हा तिचा विशेष होता. २०२३ च्या जानेवारीत मद्रासच्या आय.आय.टी.च्या आश्रयाने वाढलेली भारओएस जाहीर झाली.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. कंपन्या येतात आणि जातात, पण मजकूर खुला असेल तर काम मरत नाही. सायनोजेनमॉड बंद झाले तरी लिनेज उभे राहिले. फायरफॉक्स ओएस थांबली तरी कायओएस चालली. मूळ पोथी जपलेली असली की नकला होत राहतात.

४. पूर्वतयारी

प्रत्यक्ष कृतीपूर्वी पाच गोष्टी कराव्या लागतात. यांपैकी एकही टाळू नये.

पहिली, फोनची खरी ओळख. खोक्यावरचे नाव पुरेसे नसते. एकाच नावाने दोन भिन्न यंत्रे विकली जातात. प्रत्येक यंत्राला कंपनीने एक सांकेतिक नाव दिलेले असते, ते शोधून काढावे आणि नेमक्या त्याच नावासाठी तयार केलेली प्रणाली घ्यावी. शेजारच्या मापाचे जोडे पायात चालतील, शेजारच्या यंत्राची प्रणाली चालणार नाही.

दुसरी, नक्कल. कुलूप उघडताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. हा दोष नसून योजना आहे. फोन चोरीस गेला तर चोराने कुलूप उघडून आतला मजकूर वाचू नये म्हणून ही सोय केलेली असते. तेव्हा संपर्क, छायाचित्रे, टिपणे सारे आधी बाहेर काढावे. येथे माझी फजिती सांगणे उपयुक्त ठरेल. आजीच्या ध्वनिमुद्रणाच्या ४३ फाइली मी संगणकावर उतरवल्या. नावे सर्व दिसत होती, म्हणून निर्धास्त झालो. आईने मात्र “एकेक लावून ऐकव” असा आग्रह धरला. दोन फाइली वाजेनात. आकार पाहिला तर शून्य! तार मध्येच सैल झाली होती. त्याच रात्री मी फोन पुसला असता तर त्या दोन फाइलींतील ओव्या कायमच्या गेल्या असत्या. त्या पुन्हा उतरवल्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या आणि सर्व ४३ आम्ही दोघांनी बसून ऐकल्या. ऐकण्यास दोन संध्याकाळी लागल्या. तात्पर्य, नक्कल झाली असे संगणकाने सांगणे वेगळे आणि नक्कल उघडून पाहणे वेगळे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपल्यापैकी अनेकांच्या घरातल्या ओव्या मात्र आज एखाद्या जुन्या फोनमध्येच असतील. हा लेख वाचून कोणी दुसरे काही केले नाही तरी चालेल, त्यांची नक्कल तेवढी करावी.

तिसरी, फाइलीची पारख. उतरवून घेतलेली प्रणाली मूळच्या बरहुकूम आहे का, हे पाहण्यासाठी एक बेरीज दिलेली असते. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या लिहीत, म्हणजे ३२ अक्षरांचा एक ग्रंथ धरून एकूण किती ग्रंथ झाले याची नोंद करीत. नकलेत काही गाळले तर गणती चुके. येथेही तसेच आहे. शा-२५६ नावाच्या रीतीने साऱ्या फाइलीतून ६४ चिन्हांची एक खूण काढतात. फाइलीत एक टिंब बदलले तरी ती खूण बदलते. प्रणाली देणाऱ्याने छापलेली खूण आणि आपण काढलेली खूण जुळली तरच पुढे जावे.

चौथी, वीज. फोन चांगला भारलेला असावा. संगणक शक्यतो मांडीवरचा, म्हणजे लॅपटॉप असावा. टेबलावरचा असेल आणि लिखाण चालू असताना वीज गेली तर फोन अर्धवट अवस्थेत अडकतो. आपल्या भागात ही शक्यता कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

पाचवी, परतीची वाट. कंपनीची मूळ प्रणालीही उतरवून जवळ ठेवावी. नवी जमली नाही तर जुनीवर येता आले पाहिजे. फोनची हमी शिल्लक असेल तर कुलूप उघडल्याने ती बहुधा जाते, याचाही विचार आधी करावा.

५. प्रत्यक्ष कृती

यंत्रागणिक तपशील बदलतात, म्हणून त्या यंत्रासाठी दिलेल्या सूचना अथपासून इतिपर्यंत दोनदा वाचाव्यात. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे आहे.

(अ) फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड क्रमांक’ या ओळीवर सात वेळा टिचकी मारली की विकासकांसाठीचे गुप्त पान उघडते. तेथे ‘ओईएम अनलॉकिंग’ आणि ‘यूएसबी डिबगिंग’ या दोन कळा चालू कराव्यात.

(आ) संगणकावर एडीबी आणि फास्टबूट ही दोन छोटी साधने बसवावीत. एडीबी चालू असलेल्या फोनशी बोलते, फास्टबूट बूटलोडरशी बोलते.

(इ) फोन बंद करून ठरावीक बटणे एकत्र दाबावीत. बहुतेक फोनमध्ये चालू करण्याचे आणि आवाज कमी करण्याचे बटण दाबतात. मग फोन बूटलोडरच्या पायरीवर थांबतो. संगणकाला तो दिसतो का, हे पाहून घ्यावे. दिसत नसेल तर बहुधा तार सदोष असते. काही तारांतून फक्त वीज जाते, माहिती जात नाही.

(ई) आता कुलूप उघडण्याची आज्ञा द्यावी. काही कंपन्या त्यासाठी खाते काढावयास लावतात, संकेतांक देतात किंवा काही दिवस थांबवून ठेवतात. काही कंपन्या कुलूप मुळी उघडूच देत नाहीत. नवा फोन घेताना ही चौकशी आधीच करावी. फोनच्या पडद्यावर इशारा येतो, तो वाचून होकार द्यावा. येथे सर्व माहिती पुसली जाते.

(उ) यानंतर नवी ‘रिकव्हरी’ बसवावी. रिकव्हरी म्हणजे मुख्य प्रणाली झोपलेली असताना दुरुस्तीसाठी चालणारी छोटी प्रणाली. मंदिराच्या कामासाठी बाजूला बांधलेली पहाड म्हणा.

(ऊ) रिकव्हरीतून जुना विदा पूर्ण पुसावा आणि ‘साइडलोड’ या मार्गाने नवी प्रणाली संगणकावरून पाठवावी. माझ्याकडे या वेळी संगणकावरचा आकडा ४७ टक्क्यांवर येऊन थांबला. घाम फुटला. तार ओढून काढण्याचा मोह झाला. परंतु सूचनांत लिहिलेले होते की काम यशस्वी होऊनही आकडा कधी कधी ४७ वरच राहतो आणि फोनच्या पडद्यावरील मजकूर पाहावा. फोनवर काम झाल्याची ओळ आलेली होती. सूचना आधी दोनदा वाचल्याचा लाभ झाला तो असा.

(ए) गूगलची ॲप या प्रणालीत नसतात. ती हवी असतील तर त्यांचा संच वेगळा घेऊन, प्रणाली प्रथम चालू करण्याच्या आधीच बसवावा लागतो. नंतर बसवल्यास घोटाळा होतो. नको असतील तर एफ-ड्रॉइड या भांडारातून खुल्या मजकुराची ॲप मिळतात.

(ऐ) आता फोन चालू करावा. पहिल्या वेळी बराच वेळ लागतो. आमच्या फोनने दहा मिनिटे घेतली. धीर धरावा.

दोन निषेध कटाक्षाने पाळावेत. एक, नवी प्रणाली बसवल्यावर बूटलोडरला पुन्हा कुलूप लावण्याचा प्रयत्न करू नये. ज्या थोड्या यंत्रांत नव्या प्रणालीची सही नोंदवण्याची सोय आहे ती सोडून इतरत्र असे केल्यास फोन मृतवत होण्याचा संभव असतो. दुसरा, फोनच्या आयएमईआय या ओळखक्रमांकाला कधीही हात लावू नये. तो बदलणे आपल्या देशात कायद्याने निषिद्ध आहे. आपला फोन आपल्या इच्छेप्रमाणे चालवणे ही एक गोष्ट आणि त्याची ओळख लपवणे ही दुसरी. या दोहोंत गल्लत होता कामा नये.

६. काय मिळाले, काय गेले?

नव्या प्रणालीने फोनला नवी आवृत्ती मिळाली, सुरक्षेच्या सुधारणा पुन्हा येऊ लागल्या आणि कंपनीने घातलेली नको असलेली ॲप गेली. त्या हंगामात वडिलांनी बांधावर उभे राहून सोयाबीनची नोंद याच फोनवरून केली. मागे मी उभा होतो. एक शब्दही न बोलता त्यांनी फोन खिशात घातला, ही त्यांची पसंती होय.

परंतु एकच बाजू सांगणे अभ्यासकाला शोभत नाही. बँकेची आणि पैसे पाठवण्याची काही ॲप, फोनची मूळ सही शाबूत आहे का हे तपासतात आणि कुलूप उघडलेले दिसले की चालत नाहीत. आमच्याकडेही एक ॲप चालले नाही. ज्याच्या घरात एकच फोन आहे आणि पैशाचा व्यवहार त्यावरच आहे, त्याने हा धोका आधी मोजावा. उघडलेले कुलूप म्हणजे उघडे दारही असते. फोन दुसऱ्याच्या हाती गेल्यास तोही त्यात फेरफार करू शकतो, म्हणून पडद्याचा संकेतांक मजबूत ठेवावा. लिनक्सच्या शाखेतील प्रणाली घेणाऱ्यास आणखी एक अडचण येते. जिओचे जाळे जुन्या टू-जी, थ्री-जी पद्धतीचे नसून त्यावरील बोलणे व्होल्टीई या रीतीने चालते. प्रणालीला ती रीत येत नसेल तर इंटरनेट चालेल, पण फोन करता येणार नाही. ज्याला फोन लागत नाही त्याला फोन म्हणावे काय, हा तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांचा विषय आहे!

म्हणून माझा सल्ला असा. घरातला रोजचा एकमेव फोन पहिल्या प्रयोगासाठी घेऊ नये. आमच्याकडे चुलत्यांचा साधा बटणाचा फोन हाताशी होता, म्हणून मी धाडस केले. कपाटात पडून असलेला दुसरा जुना फोन मिळाल्यास उत्तम.

७. मराठीची कसोटी

या विषयाशी कलाशाखेचा काय संबंध, असे एका मित्राने मला विचारले. त्याचे उत्तर या प्रकरणात आहे. नवी प्रणाली बसवल्यावर इतर लोक कॅमेरा तपासतात. मी प्रथम तीन शब्द लिहून पाहिले : ‘आचार्यांना’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘ॲप’.

पहिल्या दोन शब्दांतील फरक मराठीच्या विद्यार्थ्याला सांगावा लागत नाही. एकात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. हा भेद रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांच्या आकारावर अवलंबून आहे. मराठीची ही गरज ज्या टंकाला ठाऊक नाही तो दोघांना एकाच पंगतीला बसवतो. तिसऱ्या शब्दातील ‘ॲ’ हे अक्षर युनिकोड या जागतिक वर्णसंहितेत २००८ साली आले. त्यापूर्वीचा टंक असेल तर त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही हिंदीहून वेगळी आहेत. राज्य शासनाने २००९ साली शासननिर्णय काढून वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवले. शासन कागदावर ठरवील, पण फोनच्या पडद्यावर ते आणणार कोण? अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीऐवजी चौकोनच दिसत. मराठी ही प्रणालीची भाषा म्हणून अँड्रॉइडमध्ये आली ती २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीत. खुल्या प्रणालींसाठी लोहित हा देवनागरी टंक रेड हॅट कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांनी वर्षानुवर्षे सांभाळला आणि २०११ साली तो मुक्त टंकपरवान्याखाली आला. त्यामुळे आज कोणीही तो घेऊन सुधारू शकतो.

खुल्या प्रणालींतील सूचनांची भाषांतरे स्वयंसेवक करतात. पडद्यावरची एखादी ओळ इंग्रजीतच राहिलेली दिसली, किंवा मराठीत असूनही कळेना, तर दोष देऊन न थांबता ती बदलता येते. एखाद्या शब्दाला संस्कृतचा आधार घ्यावा की लोकांच्या तोंडचा शब्द ठेवावा, हा वाद आपण भाषाविज्ञानाच्या तासाला करतोच. तोच वाद येथे केला तर त्याचा निकाल हजारो पडद्यांवर दिसेल. आज्ञावली लिहिणारे पुष्कळ आहेत, पण आज्ञा नीट मराठीत सांगणारे थोडे आहेत. ती उणीव अभियांत्रिकीचे नव्हे, कलाशाखेचे विद्यार्थी भरून काढू शकतील.

समारोप

या सर्व खटाटोपात एकूण चार दिवस गेले. त्यांतले तीन वाचनात आणि नकलेत, प्रत्यक्ष काम एका दुपारचे. खर्च एका चांगल्या तारेचा. शिकलो ते असे की, वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली असे नाही. ती उघडता आली, समजली आणि दुरुस्त करता आली, म्हणजे खऱ्या अर्थाने आपली होते. आमच्या गावच्या मंदिरांचे दगड इतकी शतके टिकले, त्यात बांधणाऱ्यांच्या कौशल्याबरोबरच वेळोवेळी ते सावरणाऱ्या अनाम हातांचाही वाटा असला पाहिजे. फोनच्या बाबतीत ते हात आपले असू शकतात.

आजीच्या ४३ ध्वनिमुद्रिका मी नव्या प्रणालीत पुन्हा उतरवल्या आहेत. त्यांची एक प्रत मराठी विभागाकडे देण्याचा विचार आहे. ज्या विद्यार्थी मित्रांच्या घरी अशा ओव्या, गाणी वा म्हणी कोणाच्या तरी फोनमध्ये पडून असतील, त्यांनी त्या आणाव्यात. प्रत करण्यास मी साहाय्य करीन. तार माझ्याजवळ आहे.